ग्लुकोज पेंटाॲसिटेट करायला घेताना

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ग्लुकोज पेंटाॲसिटेट (पाचही ओएचवर ॲसिटिल गट बसवलेलं ग्लुकोज) आलं की सगळे आधी आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) आणि कंडेन्सर मिळवायला धावतात. मी ज्युनिअर्सना पहिल्यांदा सोडियम ॲसिटेटची बाटली बघायला सांगते. त्याच्या मदतीने ॲसेटिक ॲनहायड्राइड ग्लुकोजला ॲसिटिल गट लावतं, आणि ते कोरडंच लागतं. लेबलवर ट्रायहायड्रेट (स्फटिकात पाण्याचे तीन रेणू असलेलं) लिहिलं असेल तर थांबा. ते तसंच ४ ग्रॅम टाकलंत, तर त्यातलं पाणीच २५ मिली ॲसेटिक ॲनहायड्राइडचा तिसरा हिस्सा खाऊन टाकतं.

पोर्सेलिन डिशमध्ये हे सोडियम ॲसिटेट तापवा. ५८ अंशांच्या आसपास ते स्वतःतल्याच पाण्यात पातळ होतं, पाणी उडालं की पुन्हा घट्ट होतं आणि ३२० अंशांच्या वर परत वितळतं. पहिल्यांदा पातळ झालं म्हणून बर्नर बंद करू नका, आणि दुसऱ्यांदा वितळल्यावर उगाच करपवतही बसू नका. डेसिकेटरमध्ये गार करून खलात भराभर कुटायचं, कारण हवेतली ओल ते लगेच ओढतं.

पुढचं सोपं आहे. ५ ग्रॅम ग्लुकोज, ४ ग्रॅम हे कोरडं ॲसिटेट, २५ मिली ॲनहायड्राइड. कंडेन्सरवर गार्ड ट्यूब (हवेतली ओल अडवणारी नळी) आणि वॉटर बाथवर अडीच तास, मधूनमधून हलवत. ॲनहायड्राइड डोळ्यांना फार झोंबतं, त्यामुळे ओतणं-मोजणं हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात). आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, तेव्हा स्टोअरच्या रजिस्टरमध्ये नोंद चुकवू नका.

मिश्रण २५० मिली बर्फाच्या पाण्यात ढवळत ओता. इथे बरेच जण घाबरतात, कारण तळाला चिकट गोळा बसतो. प्रॉडक्ट बिघडलेलं नसतं. गोळ्यात ॲनहायड्राइड अडकलेलं असतं. काचेच्या रॉडने गोळा फोडत राहा, बीकरच्या कडेला घासा. तासाभरात तो कडक होऊन पांढरा चुरा होतो. मग सक्शनवर गाळून, गार पाण्याने धुऊन, इथेनॉलमधून रिक्रिस्टलायझेशन. थिऑरेटिकल यील्ड (सगळं ग्लुकोज बदललं तर मिळेल तेवढं) १०.८ ग्रॅम.

प्रॉडक्टची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात; त्यांना अ‍ॅनोमर म्हणतात, पहिल्या कार्बनवरच्या गटाची दिशा एवढाच फरक. मेल्टिंग पॉईंट १३१-१३२ आला तर बीटा अ‍ॅनोमर. ॲसिटेटऐवजी झिंक क्लोराईड वापरलं तर अल्फा मिळतो, तो ११०-११२ ला वितळतो. व्हायवाला हे हमखास विचारतात. ॲसिटेट आणि उष्णतेत अल्फा-बीटा ग्लुकोज एकमेकांत भराभर बदलत असतात आणि बीटाचा इक्वेटोरियल (रिंगच्या कडेने बाहेर वळलेला) ओएच जास्त वेगाने ॲसिटिलेट होतो. झिंक क्लोराईडसारख्या लुईस ॲसिडमध्ये (इलेक्ट्रॉनची जोडी घेणाऱ्या पदार्थात) तयार झालेला बीटासुद्धा फिरतो आणि अ‍ॅनोमेरिक इफेक्टमुळे (पहिल्या कार्बनवरचा गट उभा असला की रेणू जास्त स्थिर) स्थिर असलेल्या अल्फाकडे जातो.

टीएलसीची (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची) प्लेट यूव्ही दिव्याखाली कोरी दिसेल. प्लेट १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून तापवा, काळा ठिपका उठेल. एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारी चाचणी) मिळत असेल तर अ‍ॅनोमेरिक प्रोटॉनचा डब्लेट (दोन रेघांत फुटलेला सिग्नल; रेघांमधलं अंतर म्हणजे कपलिंग) आधी शोधा: बीटाचा ५.७ पीपीएमजवळ, कपलिंग ८ हर्ट्झच्या आसपास, अल्फाचा ६.३ जवळ आणि कपलिंग जेमतेम ४.