टिकटिक थांबत नसेल तर पेट्रोलचे पाईप बघा

माझी गाडी १९७१ ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, सध्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत माझ्या दारात उभी. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर आणि मागे विजेवर चालणारा एसयूचाच पेट्रोल पंप. किल्ली फिरवली की पंप टिकटिक करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. मग मी स्टार्टर मारते. इतक्या वर्षांत ही सवय अंगात भिनली आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सकाळी पंप गप्प होईना तेव्हा हात तिथेच थांबला.

बॉनेट उघडलं. वास होता, पण थेंब दिसत नव्हता. दोन कार्बोरेटरना जोडणारा छोटा रबरी पाईप बोटांनी दाबला आणि बोटं ओली झाली. वरून तो पाईप काळाभोर, तुकतुकीत, जवळपास नवा दिसत होता. आधीच्या मालकाने घातलेला. त्याच्या बरोबर खाली, पत्र्याच्या एका पातळ आडोशापलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनच्या एकाच बाजूला, एकमेकांच्या अंगावरच असतात. गाडी गरम असताना तो पाईप सुटला असता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवशी गाडी जागची हलवली नाही आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाईप बदलायचे ठरवलं.

माझ्या बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात वर्कशॉप होतं. कुठल्याही इंजिनाचा जुना पाईप काढला की ते ब्लेडने तो उभा चिरायचे आणि आतून बघायचे, मग तो फेकायचाच असला तरी. मीही तेच केलं. आतून रबर भेगाळलेलं, वाळक्या तळ्याच्या मातीसारखं. नखाने खरवडलं तर काळी भुकटी निघाली. ही भुकटी पेट्रोलबरोबर जाऊन फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या त्या वाटीच्या, तोंडाशी पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली अडकते. मग सुई बसत नाही, चेंबर ओसंडतं आणि आपण बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देत बसतो.

असं होण्याचं एक मोठं कारण पेट्रोलमधलं इथेनॉल. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. भारतात तर आता पंपावर ई२० मिळतं. जुन्या जातीच्या रबरातला मऊपणा इथेनॉल ओढून घेतं. पाईप आधी फुगतो, मग गाडी महिनाभर उभी राहिली की वाळतो, कडक होतो, चिरतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, त्यामुळे लोखंडी पाईप आणि टाकी आतून गंजतात. मी आता फक्त सुपर दर्जाचं ई५ भरते. पण नुसतं पेट्रोल बदलून कुजलेला पाईप बरा होत नाही.

आधी गळती कुठे आहे ते ओळखा. एमजीबीत पंप मागे, टाकीजवळ आहे. टाकी ते पंप हा छोटा भाग ओढीचा. पंप ते कार्बोरेटर हा लांब भाग दाबाचा, जेमतेम तीनेक पीएसआयचा. दाबाच्या भागात चीर असेल तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, डाग पडतो. ओढीच्या भागात चीर असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली सगळं कोरडं, तरी पंप थांबत नाही. पहिल्या वेळी मी फक्त पुढचे पाईप बदलले असते तर फसले असते, कारण माझ्या गाडीत दोन्हीकडे बिघाड होता.

कोल्हापुरात माझ्या मावसभावाकडे प्रीमियर पद्मिनी आहे. तिचा पंप इंजिनवर, म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतचा जवळपास सगळा पाईप ओढीचा. त्याची गाडी आंबा घाटात चढावर मरायची आणि खाली एक थेंब दिसायचा नाही. तीन मेकॅनिकनी कार्बोरेटर उघडून साफ केला. दोष निघाला टाकीजवळच्या चार इंच रबरात.

आता सामान. रबरी पाईप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं हवं. आर९ च्या आतल्या थराला फ्लुरोइलॅस्टोमर नावाचं खास रबर असतं, ते इथेनॉलला दाद देत नाही. काहीच छापलेलं नसेल तर तो पाईप घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. आर९ म्हणून विकलेला नकली मालही बाजारात येतो, म्हणून मी नाव असलेल्या कंपनीचा, बिलासकट घेते. वरून चकचकीत तारांची जाळी असलेले पाईप मी अजिबात वापरत नाही. दिसतात देखणे, पण आतलं रबर कुजलेलं डोळ्यांना कळत नाही आणि बोटांनाही कळत नाही. बोटांनी दाबून बघता येणं ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

माप व्हर्नियरने घ्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि पाच सोळांश इंच म्हणजे जवळपास ८. एक माप मोठा पाईप क्लिप आवळून बसवला तर त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच गळतं.

क्लिप हा वेगळा विषय आहे. भोकाभोकांचा पट्टा असलेली साधी क्लिप रबरात रुतते आणि कापते. सपाट पट्ट्याच्या, कडा बाहेर वळवलेल्या क्लिप घ्या, पाईपच्या बाहेरच्या मापाच्या. डझनभर घ्या, दोन-तीन हमखास हरवतात.

गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब पाईप मूळचा लोखंडी. माझा दिसायला ठीक होता. पण जिथे जिथे क्लिपने धरलेला, तिथे चिखल साठून गंजाचे फोड आले होते आणि एके ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं. नवीन घातला तो कुनिफरचा, म्हणजे तांबं आणि निकेल यांचा. गंजत नाही, हाताने वळतो, २५ फुटांचं वेटोळं मिळतं. निव्वळ तांब्याचा घालू नका. हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं.

कामाला लागण्याआधी सुरक्षेचं नीट वाचा. काम उघड्यावर करा, गाडी पूर्ण थंड असताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते. म्हणून या कामासाठी गाडी पिटवर घेऊ नका. बल्बचा हँडलँप नको, बॅटरीवरचा एलईडी टॉर्च वापरा. शेजारी फोमचं किंवा ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पाणी कामाचं नाही. बॅटरीची अर्थ केबल सगळ्यात आधी, एक थेंबही पेट्रोल सांडण्यापूर्वी काढा. माझ्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली आहेत, पंपापासून फार लांब नाहीत. वास पसरल्यावर तिथे पाना लावून ठिणगी पाडणं म्हणजे आग बोलावणं.

टाकी आधीच चालवून रिकामी करत आणा. उरलेलं हातपंपाने मंजूर कॅनमध्ये काढा. इथे घरी, सरकारी यंत्रणेला न कळवता, जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येतं, तेवढं लक्षात असू द्या. मग गाडी उचलून घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर गाडी असताना कुणीही खाली जाऊ नये.

सगळे पाईप एकदम काढू नका. एक काढा, तोच टेबलावर ठेवून नवा त्याच लांबीचा कापा, बसवा, मग पुढचा. कापायला धारदार ब्लेड, एका झटक्यात, काटकोनात. करवतीने कापलं की रबराचा भुसा आत राहतो. कापल्यावर तोंडाने नाही, हवेच्या पंपाने फुंकून घ्या.

लांब पाईप काढताना तो वाकवू नका, अख्खा खाली उतरवा आणि जमिनीवर ठेवा. त्याच्या शेजारी नवा ठेवून एकेक वळण तसंच घ्या. मी वळणं एका जाड डब्याभोवती घेतली. घाईत अंगठ्याने दाबला की पाईप चपटा होतो आणि तो तुकडा वाया जातो. जिथे रबर चढणार त्या टोकाला फ्लेअरिंगच्या हत्याराने छोटा फुगवटा काढा. त्याशिवाय रबर नुसत्या क्लिपच्या भरवशावर राहतं. हा फुगवटा काढणं मला सगळ्यात कठीण गेलं, कापलेल्या तुकड्यांवर पाच-सहा वेळा हात बसवला आणि मगच खऱ्या पाईपला हात लावला. गाडीला धरणाऱ्या क्लिपना रबराचं अस्तर हवं, आणि पाईप हँडब्रेकची केबल, प्रॉपेलर शाफ्ट, एक्झॉस्ट यांपासून लांब. चाक हाताने फिरवून, सस्पेन्शन दाबून बघा.

पंपाच्या बँजो जोडाचे, म्हणजे पोकळ बोल्टने आवळलेल्या गोल जोडाचे, फायबर वायसर नवेच घाला. जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा बसत नाहीत. रबर चढत नसेल तर ग्रीस लावू नका. टोक कोमट पाण्यात मिनिटभर धरा, पुसून कोरडं करा, इंजिन ऑईलचा एक थेंब लावा, चढतं. क्लिप फुगवट्याच्या मागे हवी, फुगवट्यावर नाही. आणि रबर चेपेल इतकीच आवळा.

कागदी फिल्टर पंपानंतर, दाबाच्या बाजूला घाला. पंपाच्या तोंडाशी त्याची स्वतःची जाळी असतेच, तीही या निमित्ताने धुवा. काचेचा फिल्टर मी काढून टाकला. आतलं पेट्रोल दिसतं म्हणून लोक घालतात, पण इंजिनच्या उष्णतेत काच आणि तिची पातळ रबरी वायसर यांवर माझा विश्वास नाही. पेट्रोल भरायच्या तोंडाखालचा जाड रबरी तुकडाही बघा. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल तर बहुतेक तोच असतो.

सगळं बसलं, फडकी उचलली, वास पूर्ण गेला, की पाच लिटर पेट्रोल घाला आणि मग बॅटरी जोडा. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवा. किल्ली फिरवा, स्टार्टर मारू नका. पंप आधी जोरात टिकटिकेल, मग मंदावेल, मग थांबेल. आता घड्याळ बघा. इंजिन बंद असताना अर्ध्या मिनिटात एखादी टिक चालते. त्याहून वारंवार होत असेल तर कुठेतरी पेट्रोल जातंय किंवा हवा येतेय, किंवा फ्लोटची सुई, नाहीतर पंपाचीच झडप बसत नाहीये. पुन्हा सुरुवातीपासून बोट फिरवा.

माझा पंप पहिल्या खेपेला थांबला नाही. पंपाच्या ओढीच्या बाजूचा बँजो मी भीतीने कमी आवळला होता. पाव फेरा दिला आणि टिकटिक मंदावत गेली. मी डिकीत डोकं घालून ऐकत होते. शेवटची टिक झाली आणि मग शांतता.

पंधरा मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, सगळ्या क्लिप पुन्हा तपासा. नवं रबर एकदा गरम झालं की किंचित बसतं आणि क्लिप सैल होतात. टिश्यू रात्रभर तसेच ठेवा. शंभरेक मैलांनी अजून एकदा.

मी प्रत्येक रबरी तुकड्याला पांढऱ्या पेनने महिना आणि साल लिहिलं आहे, मराठीत, आणि तेच बॉनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावरही. पाच वर्षांनी ते चांगले दिसले तरी काढणार आहे. जुने चिरलेले तुकडे एका बरणीत ठेवलेत. जुनी गाडी घेऊन कुणी चहाला आलं की मी ती बरणी टेबलावर ठेवते.