रोल केज बसवताना या चुका टाळा: पाइप आणण्याआधी सीट बसवा

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात चांगला वेल्डर शोधायला लांब जावं लागत नाही. उसाच्या ट्रॉल्या, शेतीची अवजारं, शेडच्या कैच्या इथे रोज तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे एखादी जुनी एस्टीम, स्विफ्ट किंवा पोलो ट्रॅकसाठी तयार करायला घेतली, की रोल केजचं, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून आत बसवायच्या पाइपांच्या पिंजऱ्याचं काम ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जातं. त्यात काही वावगं नाही. हात बसलेला असतो, मशीन असतं. फक्त ट्रॉलीत ऊस असतो आणि केजमध्ये माणूस बसणार असतो, त्यामुळे इथली मापं त्या माणसाच्या डोक्यापासून आणि खांद्यापासून सुरू होतात. मला वारंवार दिसणाऱ्या बहुतेक चुका पाइपपासून सुरुवात केल्यामुळे झालेल्या असतात.

सीटच्या आधी केज

ड्रायव्हरच्या पाठीमागे जी मोठी कमान उभी राहते तिला मेन हूप म्हणतात. बाकी सगळा केज तिच्यावर अवलंबून असतो. अनेकजण कंपनीची सीट जागेवर ठेवून ही कमान उभी करतात, वेल्डिंग पूर्ण करतात आणि मग बकेट सीट, म्हणजे अंगाला धरून ठेवणारी रेसिंगची खोलगट सीट आणतात. बकेट सीट खाली बसते, मागे सरकते. डोकं कुठल्या कुठे जातं. रेसिंग बेल्टच्या खांद्याच्या पट्ट्यांसाठी लावलेला आडवा पाइप चुकीच्या उंचीवर राहतो.

या पट्ट्या खांद्यावरून मागे जवळजवळ सपाट, किंचित उतरत्या जायला हव्यात. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टची संघटना एफआयए आडव्या रेषेपासून सुमारे १० अंशांपर्यंतचा उतार सुचवते आणि ४५ अंशांच्या पलीकडे जाऊच देत नाही. पट्ट्या सीटमागे थेट फ्लोअरला बोल्ट केल्या, तर धडकेच्या क्षणी त्या खांदे खाली ओढतात आणि सगळा दाब मणक्यावर येतो.

म्हणून आधी सीट कायमच्या जागी बसवा. गाडी चालवणाऱ्याने हेल्मेट घालून, बेल्ट घट्ट ओढून बसायचं, आणि दुसऱ्याने खडूने डोक्याची व खांद्याची उंची मारून घ्यायची. हेल्मेटच्या वर मेन हूपची उंची किमान दोन इंच जास्त हवी. दोघं भाऊ एकच गाडी चालवणार असतील तर उंच भावाचं माप धरा.

कंपनीची मागे झुकणारी सीट तशीच ठेवून केज बसवणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. मागून जोरात मार बसला की तिची पाठ मोडून मागे पडू शकते, आणि मागे लोखंडी पाइप उभाच असतो.

'दीड इंची पाइप द्या'

दुकानात असं मागितलं की हातात बहुधा पाण्याच्या लाइनचा पाइप येतो. पाण्याचा पाइप आतल्या नाममात्र मापाने विकला जातो. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिलिमीटर असतो. तो आयएस १२३९ प्रमाणे पाण्यासाठी बनवलेला असतो आणि गाडी उलटल्यावर येणाऱ्या माराचा विचार त्यात नसतो. त्यात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो वेल्डरच्या फुप्फुसांना वाईट, आणि जोडातही छिद्रं राहतात.

एफआयएच्या अपेंडिक्स जे मधलं कलम २५३ याबाबत स्पष्ट आहे. पाइप सीमलेस (बिनजोडाचा), कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत ओढलेला), कार्बन स्टीलचा हवा आणि त्याची ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान ३५० न्यूटन हवी. मेन हूपसाठी ४५ मिलिमीटर व्यास व २.५ जाडी, किंवा ५० व्यास व २ जाडी. बहुतेक इतर पाइपांना ३८ वर २.५ किंवा ४० वर २. दुकानात 'सीडीएस सीमलेस' मागा, ओडी (बाहेरचा व्यास) आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, कारखान्याच्या चाचणीचं मिल टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावून खात्री करा. क्रोममोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलच्या) नादाला लागू नका. त्याच्या वेल्डिंगची पद्धत वेगळी आहे, ती नीट पाळली नाही तर महाग पाइप जोडाशेजारीच दगा देतो.

जास्त जाड पाइप घेतला म्हणजे जास्त सुरक्षित, हाही गैरसमज सोडा. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला साधारण २.६ किलो भरतो. जाडी वाढवली की ते वजन छताजवळही वाढतं, आणि गाडी वळणात जास्त कलते.

खरेदीआधी आणखी एक काम आहे. ज्या गटात उतरणार त्याचे, भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआयचे चालू वर्षाचे नियम मिळवा. सांगलीहून कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईच्या ट्रॅकला गाडी नेऊन स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत परत पाठवली गेली, तर डिझेल, रजा, एंट्री फी सगळं गेलं.

वाकवण्याबद्दल थोडक्यात: वाळू भरून गॅसने तापवून वाकवलेला पाइप घेऊ नका, प्लंबरच्या बेंडरवर दबलेलाही नको. थंड अवस्थेत, योग्य मापाच्या साच्यावर (डायवर) वाकवायचा. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वळणावर सुरकुती दिसली किंवा पाइप चपटा होऊन लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा खाली गेला, तर तो तुकडा बाद. मेन हूप अखंड एकाच पाइपचा हवा.

पायाखालचा पत्रा

'दादा, यावर ट्रॅक्टर उभा राहील,' असं वेल्डर सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. कमान मजबूतच असते. पण ती उभी असते गाडीच्या फ्लोअरवर, आणि तो पत्रा बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो. ट्रॉलीच्या चॅनेलवर पाय थेट वेल्ड करायची सवय इथे घात करते. गाडी उलटली की सगळा भार चार-सहा पायांवर येतो आणि पाइप पत्र्यातून आरपार खाली जातो. कमान शाबूत राहते, छत मात्र ड्रायव्हरच्या डोक्यावर येतं.

म्हणून प्रत्येक पायाखाली भार पसरवणारी प्लेट हवी. पुढच्या कमानीच्या आणि मेन हूपच्या पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १० बाय १२ सेंटिमीटर. मागच्या तिरक्या आधारांना ६० चौरस सेंटिमीटर. शक्य असेल तिथे ही प्लेट दाराखालच्या सिलच्या उभ्या भिंतीवर वाकवून चढवा, कारण त्या भागात पत्र्याचे दोन-तीन थर एकत्र येतात. बोल्टचा केज असेल तर मेन हूपच्या प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, तेही ८.८ ग्रेडचे, आणि पत्रा दोन प्लेटांच्या मधोमध. नुसता वॉशर लावून भागत नाही.

प्लेट लावण्याआधी कार्पेट आणि डांबरी शीट काढून टोकदार हत्याराने टोचून बघा. पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या गाडीचं सिल बाहेरून चकचकीत असूनही आतून सडलेलं निघतं. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या, महाबळेश्वर-पाटणच्या पावसात राहिलेल्या गाड्या जरा जास्तच बारकाईने तपासा. सडका पत्रा आधी कापून बदलायचा, त्यावर प्लेट चढवायची नाही.

ड्रिल मारण्याआधी गाडीखाली जाऊन बघा. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, आणि फ्लोअरखालून ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या जातात. टाकी उतरवा, सीएनजीचं सिलिंडर असेल तर तेही. बॅटरी सोडा, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा, काचा काढा किंवा झाका. ग्राइंडरची ठिणगी काचेवर बसली की तो डाग कायमचा.

तिरका पाइप 'नंतर लावू'

सामान ठेवायला अडचण होते म्हणून मेन हूपमधला तिरका पाइप गाळला जातो. शेडच्या कैचीतले तिरके तुकडे काढून टाकले तर काय होईल, हे फॅब्रिकेटरला वेगळं सांगावं लागत नाही. इथेही तेच: नुसती चौकट बाजूच्या मारात कलते. तिरका पाइप सरळ हवा, आणि त्याची टोकं जोडांवरच मिळायला हवीत. दोन जोडांच्या मध्ये कुठेतरी टेकवलेला पाइप दुसऱ्या पाइपाला वाकवतो. मागचे दोन आधार उभ्या रेषेपासून किमान ३० अंश तिरके ठेवा.

छताजवळचा जोड

सर्वांत जास्त लपवाछपवी इथे होते. केज छताला चिकटून उभा केला की जोडाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही. मग खालून दिसतो तेवढा भाग वेल्ड होतो, वर बोटभर फट राहते आणि रंगाखाली झाकली जाते. जोड पूर्ण गोल वेल्ड झालाच पाहिजे.

यासाठी पाय थेट फ्लोअरवर न ठेवता छोट्या बॉक्सवर ठेवायचे. आधी बॉक्सशिवाय केज खाली उतरवायचा, छताशी चार-पाच इंच मोकळे होतात, तेवढ्यात वरचे जोड पूर्ण करायचे. मग केज उचलून खाली बॉक्स सरकवायचे आणि वेल्ड करायचे. वेळ जातो, पण दुसरा सोपा मार्ग छताचा पत्रा कापण्याचाच आहे.

पाइपाचं टोक होल सॉने (गोल करवतीने) नीट फिशमाउथ, म्हणजे दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर बसेल असं कापा. फट मोठी ठेवून ती वेल्डने भरणं ही पुढच्या तड्याची तयारी आहे. सगळीकडे आधी टाके मारा, दारं लावून बघा, मग आलटून पालटून डावी-उजवी बाजू वेल्ड करा. सीओटू वेल्डिंगने पातळ पत्र्यावर काम करताना उष्णता प्लेटकडे ठेवा. आणि वेल्ड घासून गुळगुळीत करू नका, त्याने जोडाची जाडीच कमी होते.

फोम आणि रस्ता

एसीच्या पाइपवरचा काळा मऊ फोम केजला गुंडाळलेला बऱ्याच गाड्यांत दिसतो. बोटाने दाबला तर तळाशी जातो, मग हेल्मेटला तो काय अडवणार? एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय ४५.१ चं कडक पॅडिंग घ्या आणि हेल्मेट पोहोचेल त्या प्रत्येक पाइपावर बसवा.

हेल्मेटशिवाय केजच्या गाडीत बसणं मात्र कुठल्याच पॅडिंगने सुरक्षित होत नाही. साध्या धडकेतही कवटी पाइपावर आपटते. म्हणून ही गाडी यवतेश्वरच्या किंवा खंबाटकीच्या घाटात न्यायची नाही. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेबाबत हीच भूमिका घेतली. गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्या.

काम झाल्यावर काही बिनसलं तर

दार घासतंय किंवा नीट लागत नाही: वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली गेली आहे. बिजागरी ठोकून जुळवू नका, कोणत्या पायाने ओढलं ते शोधून तो जोड सोडवा आणि परत बसवा.

वळणावर कटकट आवाज: बोल्टच्या पायाची प्लेट सरकते आहे, किंवा प्लेटच्या कडेने पत्रा फाटायला लागला आहे. खालून रंग खरवडून बघा.

पायाशी गंज: वेल्डिंगने उलट्या बाजूचा रंग जळलेला असतो. प्रायमर आणि सिलच्या पोकळीत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स लगेच मारा.

जोडावर केसासारखी रेघ: ती रंगातली की धातूतली, हे डोळ्यांनी कळत नाही. रंग काढून तडे दाखवणारी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करा. लाल डाय (रंगाचं द्रव) फवारायची, थोडा वेळ थांबून पुसायची आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ वर येते. कास्टिंगवर ही टेस्ट करणारी मंडळी कोल्हापूर-सांगलीच्या एमआयडीसीत सहज भेटतील. तडा निघाला तर वरून दुसरा थर चढवू नका. जोड ग्राइंड करून मुळापासून नव्याने वेल्ड करा. आणि अपघातात वाकलेला पाइप जॅक लावून सरळ करू नका, तो कापून नवा घाला.