बसलेली ग्रंथपाल संघटना उठवायची तर आधी नोंदवही उघडा

महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या संघटनेचं चिटणीसपद गळ्यात पडलं. सोबत सदाशिव पेठेतलं एक गोदरेजचं कपाट आणि त्याची न लागणारी किल्ली. तुमच्याही गळ्यात असं काही पडलं असेल तर पुढचं वाचा.

सुरुवात परिसंवादाने करू नका. आम्ही तीच चूक केली. ग्रंथालयांच्या भवितव्यावर छान भाषणं झाली, बटाटेवडेही छान होते, वर्गणी एकानेही भरली नाही.

आधी सभासदांची वही घ्या आणि पुस्तकांची करतो तशी पडताळणी करा. आपण दरवर्षी दाखलनोंद वही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) धरून मांडणीवरचं एकेक पुस्तक तपासतो, पण माणसांची पडताळणी कधीच करत नाही. मी पेन्सिलने खुणा केल्या: फोन लागला की बरोबर, नंबर बंद असला की प्रश्नचिन्ह, वारले असतील तर तारीख. एका पानावर पंचवीस नावं, त्यातली अकरा आजीव सभासद. आजीव म्हणजे कुणीतरी कधीकाळी एकरकमी पैसे भरले, ते खर्च झाले आणि आता संघटनेचा अंक मात्र आयुष्यभर पाठवायचा. नवे आजीव सभासद घेणार असाल तर ती रक्कम मुदत ठेवीत टाका आणि फक्त व्याज वापरा. जुन्यांना स्वेच्छेने वार्षिक देणगी मागा. मी मागितली. दोघी रागावल्या, बाकीच्यांनी दिली.

निर्लेखन, म्हणजे वहीतून नाव काढणं, मात्र परस्पर करू नका. थकबाकीदाराचं नाव कधी आणि कसं कमी करायचं ते संघटनेच्या घटनेत असतं. घटना वाचा, कार्यकारिणीत ठराव करा, इतिवृत्तात लिहा.

मग कागद. संघटना १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली नोंदलेली असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे तीन निवडणुकांचे अर्ज गेलेच नव्हते. परिणाम काय? बँकेत सहीचे अधिकार ज्यांच्या नावावर, त्यातले एक हयात नव्हते आणि दुसरे मुलाकडे बंगळुरूला. खात्यात पैसे होते, पण हॉलचं भाडं मी माझ्या पर्समधून दिलं. राहिलेले अर्ज क्रमाने द्या, उशीर माफ करण्याची विनंती सोबत जोडा, आणि हे काम करणारा वकील गाठा. इथे हौस उपयोगाची नाही.

सभेची वेळ हा वरवर किरकोळ मुद्दा, पण आमची निम्मी संघटना त्यातच गळाली होती. शाळा-महाविद्यालयवाल्यांना रविवार सकाळ हवी असते, आणि सार्वजनिक ग्रंथालयातली मंडळी नेमकी तेव्हा काउंटरवर असतात. त्यांची सकाळची पाळी संपून संध्याकाळची सुरू होईपर्यंत दुपार मोकळी असते. म्हणून सभा रविवारी दुपारी दोनला. पुण्यात दुपारी दोनला सभा! पहिल्यांदा सगळे हसले. पण तेव्हापासून ‘कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ हे वाक्य मला लिहावं लागलेलं नाही.

मागण्यांचं एकच लांबलचक निवेदनही करू नका. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयातली कर्मचारी वेतनश्रेणी मागते, शाळेतला अर्धवेळ ग्रंथपाल पूर्णवेळ पद मागतो, महाविद्यालयातली कंत्राटी मुलगी पुढच्या जूनमध्ये नोकरी राहील का एवढंच विचारते. तिघांचे साहेब वेगळे, खाती वेगळी. तीन पानं करा आणि प्रत्येक पानावर त्याच गटातल्या माणसाची सही पहिली असू द्या. ‘संघटना प्राध्यापकी लोकांची’ हे टोमणे त्यामुळे आमच्याकडे बरेच कमी झाले.

तरुण सभासद हवे असतील तर त्यांना सतरंज्या उचलायला बोलावू नका. आमच्याकडे एका मुलीने चार रविवार ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकवलं: नोंदी कशा भरायच्या, मराठी नावांचं लेखन एकसारखं कसं ठेवायचं, बॅकअप कुठे घ्यायचा. सभासदांना मोफत, इतरांना दोनशे रुपये. वर्गणीपेक्षा दोनशे रुपये जास्त आहेत हे लोकांच्या लगेच लक्षात आलं.

आणि १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून झाला की दाराजवळ टेबल टाकून पावतीपुस्तक घेऊन बसा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. गेल्या वर्षी माझ्याकडे नव्हते, तिघे ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणून गेले. त्यांच्या नावापुढे अजून पेन्सिल आहे.