मिरीला शिकार हवी असते

मांजर पडदे चढायला लागलं, फडताळं उघडायला लागलं, पहाटे पायाचा अंगठा चावायला लागलं, की लोक सांगतात, "दमवा त्याला, म्हणजे गप झोपेल." नुसतं दमवून भागत नाही. मांजराला दबा धरायचा असतो, झडप घालायची असते, पकडून चावायचं असतं आणि मग खायचं असतं. हा क्रम घरात पुरा झाला, की ते आपणहून अंग चाटत बसतं आणि झोपतं. म्हणून खेळ आणि जेवण एकमेकांना जोडून घ्या. माझा सगळा भर यावरच आहे.

मी शिवणकाम करते. साताऱ्यात दोन खोल्यांचं घर आहे, पुढच्या खोलीत मशीन. आमची मिरी काळी, गावठी आणि भलतीच चौकस. ब्लाउजचं माप घेताना टेपच्या दुसऱ्या टोकाला तीच असते.

खेळणं विकतच आणायला हवं असं नाही. हातभर लांबीची बांबूची काठी घ्या. टोकाला जाड नाडी पक्की शिवा आणि नाडीला उंदराएवढी चिंध्यांची गुंडाळी. बटण, टिकल्या, मणी लावू नका, ते गिळले जातात. आता ही गुंडाळी हलवायची कशी, ते महत्त्वाचं. पुष्कळजण ती मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. कुठला उंदीर मांजराच्या तोंडाशी येतो? ती मांजरापासून लांब पळाली पाहिजे. खाटेच्या पायामागे जाऊ द्या, थांबवा, थोडी थरथरवा, सतरंजीखाली गडप करा. मिरीचे डोळे मोठे होतात, मागचा भाग डुलायला लागतो आणि मग झेप. दर दोन-चार झडपांनंतर तिला पकडू द्या, लाथा मारू द्या, ओढून घेऊन जाऊ द्या. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. शेवटची शिकार तिची, आणि लगेच ताटली पुढे.

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतं, म्हणून एक खेळ दिवेलागणीला आणि एक आपण झोपण्याआधी ठेवा. रात्रीचं जेवण या दुसऱ्या खेळानंतरच द्या, पहाटेचा धुडगूस कमी होतो. लेझरचा लाल ठिपका मला आवडत नाही, कारण पंजात काहीच येत नाही. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका जिथे थांबेल तिथे खाऊचा दाणा ठेवा. डोळ्यांवर मात्र तो कधीही मारू नका.

दुपारी आपण कामात असतो, तेव्हा मांजराला खाणं शोधायला लावा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडा, कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या, आत कोरडे दाणे भरा. आधी भोकं मोठी ठेवा, नाहीतर मांजर चिडून नाद सोडतं. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे ठेवले तरी चालतं. मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. एवढं खाणं रोजच्या वाटीतून कमी करा.

नखांसाठी जाड लाकडाला सुतळी घट्ट गुंडाळा. खांब न डगमगणारा हवा आणि मांजर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका उंच. तो कोपऱ्यात लपवू नका. जो सोफा ते ओरबाडतं, त्याच्या शेजारीच उभा करा. माझ्या कपड्यांच्या कपाटावर जुनी गोधडी घातली आहे. तिथून खिडकीबाहेरचा पेरू दिसतो, त्यावर खारी आणि बुलबुल येतात, आणि मिरीची अर्धी सकाळ त्यात जाते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीला आधी मजबूत जाळी बसवा.

पावसाळ्यात अंगणात खोकलीचं रोप उगवतं. त्याचं ताजं मूळ धुऊन हुंगायला दिलं तर पुष्कळ मांजरं त्यावर लोळतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. खाऊ मात्र देऊ नका. खेळणी सगळी एकदम पसरू नका, थोडी पिशवीत ठेवून आठवड्यानं बदला.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. दोरा आणि मांजर यांना कधीच एकटं सोडू नये. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, गिळलाच जातो. तो एका जागी अडकला की आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तडक डॉक्टरकडे न्या. रिळं, सुया, रबर, मांजा, राखीचे दोरे झाकणाच्या डब्यात ठेवा. खेळ संपला की ती काठीसुद्धा कपाटात.

आणि धावणारं मांजर एकाएकी खेळेनासं झालं तर ते शहाणं झालं असं समजू नका. मांजर दुखणं लपवतं. दिवसभर काही खाल्लं नाही, किंवा बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.