इंजिनकामानंतर सेल्फ जड फिरतो? अर्थिंगची पट्टी तपासा

गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी. इंजिन उतरवून रिंग-बेअरिंगचं काम झालं आणि तेव्हापासून सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरायचा, कधी नुसता 'टक्' आवाज. धक्का मारला की मात्र लगेच चालू. बॅटरी बदलली, प्लग बदलले, सेल्फचे कार्बन ब्रश नवे टाकले, फरक शून्य. अक्षरशः वैताग आला होता.

खूण मिळाली चोकच्या (थंड इंजिन चालू करताना ओढतात त्या खटक्याच्या) केबलमध्ये: सेल्फ मारताना ती गरम व्हायची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून सेल्फचा करंट बॅटरीकडे परतायला गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते, तीच अर्थिंगची पट्टी. तिचा सांधा खराब झाला की करंट मिळेल त्या केबलमधून वाट काढतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मोजताना इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लस वायर काढून टोकाला टेप गुंडाळली. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना ०.३ व्होल्टच्या आत हवं. आलं २ च्या वर. लाल पिन बॉडीवर ठेवली तर ०.१. म्हणजे दोष पट्टीतच.

आधी बॅटरीची मायनस काढली, मग पट्टी. कामानंतर मारलेला रंग तिच्या बैठकीवरही चढला होता. दोन्ही बैठका आणि पट्टीची टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले, वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आवळल्यानंतरच लावावं. पुन्हा मोजलं: ०.१५. केबल थंड, सेल्फ जोमात.