चवथीच्या सुट्टीआधी बघा, अ‍ॅक्सेसच्या फाइलीत कोण बसलंय

आमचं म्हापशात होलसेल दुकान, स्टॉक आणि बिलं सगळी एकाच शेअर्ड डेटाबेसमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस फाइलीत. चवथीआधी ती कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फुगलेली फाइल आवळून दुरुस्त) करायची तर फाइल दुसऱ्या कुणाकडे उघडी असून चालत नाही, आणि त्या दिवशी सगळे घरी पळायच्या घाईत, कुणीतरी पीसी तसाच टाकून जातोच, म्हणून आठवडाभर आधी लागा.

आधी पीसींना नीट नावं द्या, काउंटर-१, गोडाऊन, शेट अशी. विंडोजने दिलेलं नाव तसंच असेल तर कोण आत आहे हे कळूनही कुणाला हाक मारायची ते कळणार नाही. वायफायवर असलेले केबलवर आणा, यूपीएस तपासा, पावसात लाइट कधी जाईल नेम नाही. फ्रंट-एंड (फॉर्म आणि रिपोर्टची फाइल) प्रत्येकाच्या पीसीवर वेगळा, बॅक-एंड (डेटाच्या टेबलांची फाइल) तेवढा सर्व्हरवर, हे बघून घ्या.

मग बॅक-एंडच्या शेजारची डॉट एलएसीसीडीबी लॉक फाइल (जुन्या एमडीबीला एलडीबी) नोटपॅडमध्ये उघडा. पीसीचं नाव आणि पुढे यूजर दिसेल, पण यूजर सगळ्यांचा अ‍ॅडमिनच, त्यामुळे तो कामाचा नाही. आणि नाव दिसलं म्हणजे माणूस आतच आहे असं धरू नका, बाहेर पडलेल्याचं नावही तिथंच पडून राहतं. शेवटचा बाहेर पडला की ही लॉक फाइल आपोआप डिलीट होते, त्यासाठी त्या फोल्डरवर सगळ्यांना डिलीटची परमिशन हवी.

खरी हजेरी एडीओच्या (कोडमधून डेटाबेसला जोडायची मायक्रोसॉफ्टची सोय) यूजर रोस्टरमधून, म्हणजे जोडलेल्यांच्या यादीतून, मिळते. ती यादी मागवणाऱ्या ओपनस्कीमा कमांडला लागणारा तो लांबलचक जीयूआयडी (ओळख क्रमांक) मायक्रोसॉफ्टच्या पानावरून कॉपी करा, टाइप करत बसू नका. कनेक्शन मात्र बॅक-एंडला जोडा, फ्रंट-एंडला जोडलं तर तुम्ही एकटेच दिसाल! कनेक्टेडचा कॉलम ट्रू असेल तोच आत.

तरी माझं मत, स्वतःचं एक लॉगिन टेबल कराच. विंडोजचा यूजर, पीसी, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बास. सुरुवातीला एक हिडन फॉर्म उघडायचा, तो लोड होताना ओळ टाकतो आणि बंद होताना वेळ भरतो. लाइट गेली तर गेल्याची वेळ कोरीच राहणार, म्हणून त्याच पीसीवरून परत लॉगिन झालं की जुनी ओळ आधी बंद करायचा कोड घाला, नाहीतर गोडाऊनवाला महिनाभर आतच दिसेल.

त्याच फॉर्मला टायमर लावा, बॅक-एंडमधला एक फ्लॅग (चालू-बंदची खूण) दर मिनिटाला बघायचा, फ्लॅग चालू दिसला की आधी मेसेज आणि पाच मिनिटांनी क्विट. सर्व्हरवरच्या ओपन फाइल्समधून जबरदस्तीने कनेक्शन तोडणं अगदी शेवटी, फाइल करप्ट होऊ शकते, बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. हे सगळं एकदा दुपारी दुकान बंद असतं तेव्हा करून बघा, शेटचा पीसी धरून.