घोडी घेऊन गावाला राहायला जाताय? आधी या चुका टाळा

मुंबई-पुणं सोडून एक-दोन घोडी घेऊन परवडेल असं राहायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांची गावाची निवड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. ते जमिनीचा नाहीतर भाड्याचा भाव बघतात. पण तो खर्च ठरलेला असतो. घोडं रोज खातं, रोज तीस-चाळीस लिटर पाणी पितं, दीड-दोन महिन्यांनी त्याला नालबंद लागतो आणि कधीतरी रात्री दोन वाजता डॉक्टर लागतो. हे चारही जवळ असतील तर महाग गावही परवडतं. नसतील, तर फुकटातली वाडीसुद्धा महाग पडते.

आम्हीही हीच चूक केली. रायगडच्या किनाऱ्याकडे स्वस्तात एक वाडी भाड्याने मिळाली आणि मार्चमध्ये दोन घोड्या घेऊन आम्ही तिथे गेलो. नारळीची सावली होती, विहिरीला पाणी होतं. जूनपर्यंत सगळं छान चाललं. ऑगस्टमध्ये एका सकाळी थोरलीचा मागचा पाय उचलून खूर साफ करायला घेतला. खुराच्या तळाशी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्याच्या बेचक्यात आकडी घातली तर ती सरळ आत गेली. काळं पाणी आलं आणि असा वास सुटला की दोन दिवस हातावरून गेला नाही. तो भाग कुजला होता, कारण दहा-बारा दिवस पाय कोरडाच झाला नव्हता. त्याच महिन्यात धाकटीला ताप येऊन-जाऊन राहिला. ती चंदी (दाणा) खात होती तरी वाळत चालली आणि पोटाखाली सूज आली. तो सर्रा होता. मोठ्या गोमाश्या चावल्याने हा रोग पसरतो आणि उपचार झाला नाही तर घोडं सहसा वाचत नाही. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणारं माणूस सापडेपर्यंत चार दिवस गेले. ती वाचली, पण ते चार दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून पहिली चूक हीच: पावसाळा न बघता गाव ठरवणं. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दुप्पट. घाट ओलांडून फलटण, दहिवडीकडे गेलात की हा आकडा पाचशेच्या आसपास येतो. मधलं अंतर गाडीने काही तासांचं. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सामान लादलेली घोडी आणि मेंढरं घेऊन त्यांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आत घाट चढून परत येतात. कोकण त्यांना हिवाळ्या-उन्हाळ्यापुरतं हवं असतं, पावसाळा ते तिथे काढत नाहीत. भीमथडी घोडं भीमेच्या खोऱ्यातल्या कोरड्या माळावर वाढलं, यातही सांगण्यासारखं बरंच आहे.

दुसरी चूक वैरणीच्या हिशेबाची. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो. दोन घोड्यांचे वर्षाचे झाले पाच टन. एक एकर कुरण आहे, चरतील तिथे, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात ते कुरण जाऊन बघावं. सुकं गवत किंवा कडब्याची कुट्टी विकतच घ्यावी लागते, आणि कडबा हलका पण पसारा मोठा. टेम्पो वजनाने भरायच्या आधी आकाराने भरतो, त्यामुळे लांबून आणलेल्या कडब्यात भाडंच जास्त जातं. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात, सोलापूर-मंगळवेढ्याच्या बाजूला किंवा माण-खटावात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाल्या झाल्या शेकड्याच्या भावाने पेंढ्या घ्याव्यात आणि त्यांचं बुचाड (गंजी) रचून ठेवावं. मे महिन्यात घ्यायला निघालात तर भाव विकणारा ठरवतो. कोकणात हाच साठा पक्क्या छपराखाली लागतो, कारण बुरशी लागलेली वैरण घोड्याला चालत नाही. गाय निभावून नेते, घोड्याला पोटशूळ किंवा दमा धरतो.

इथे एक फसवा प्रकार सांगायलाच हवा. बागायती पट्ट्यात उसाचं वाढं आणि हत्तीगवत स्वस्त मिळतं, आणि शेजारी मायेने सांगतात की घाला, आमच्या म्हशी खातात की. पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे घोड्याच्या अंगातलं कॅल्शियम कमी होत जातं. महिनोन्‌महिने तेच घातलं तर हाडं ठिसूळ होतात, चेहऱ्याची हाडं सुजतात. हिरवी ज्वारीही नको. तिने घोड्याच्या मूत्राशयाला आणि मागच्या पायांच्या नसांना अपाय होतो. लसूणघास मिळत असेल तर उत्तम, विचारताना ‘घोडाघास’ म्हटलं तरी जुन्या शेतकऱ्यांना कळतं.

तिसरी चूक: ‘तालुक्याला गुरांचा दवाखाना आहे’ एवढ्यावर समाधान मानणं. ते डॉक्टर कष्टाळू असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की नाकातून जठरात नळी घालावी लागते आणि हातात थोडेच तास असतात. गाव ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटून सरळ विचारा: घोड्याला नळी कधी घातली आहे का? नसेल, तर सगळ्यात जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किती तासांवर? शिरवळ, परळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे ती आहेत. आम्ही आता नकाशावर आधी शिरवळला बोट ठेवतो आणि मग गावं बघतो.

नालबंदाचंही असंच. त्याला शोधायचं तर आधीपासून घोडी असलेला भाग शोधा. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूरला बैलगाड्यांच्या शर्यतीत ‘घाटात’, म्हणजे धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते, त्यामुळे तिथे घोड्याचं माणूस गावोगावी भेटतं. इतरत्र लग्नातल्या घोडेवाल्याला गाठा, त्याचे नाल कोण ठोकतो ते विचारा. महाबळेश्वर-पाचगणीला नालबंद आहेत, पण भाडी आणि पाऊस दोन्ही झेपणारे नाहीत.

जमिनीबद्दल थोडक्यात: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कोकण-पश्चिम महाराष्ट्रात 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. ‘सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातावर इसार ठेवू नका. आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहा. आणि जागा मिळाली की कुंपणाला काटेरी तार लावू नका. बिथरलेलं घोडं तारेत अडकलं की पाय हाडापर्यंत फाटतो. एकटं घोडंही ठेवू नका, ते कळपातलं जनावर आहे. दुसरं परवडत नसेल तर निदान शेळी किंवा गाढव सोबतीला द्या.

आधीच ओल्या भागात अडकला असाल तर? तबेल्याची जमीन फूटभर मुरूम घालून उचला, उतार बाहेरच्या बाजूला काढा. रोज दोनदा खूर साफ करा. लीद दारात साठू देऊ नका. एका घोड्याची दिवसाला दहा किलोच्या वर पडते आणि तिच्यावर माश्या जमतात. शेजारचे शेतकरी खतासाठी आनंदाने उचलतात. तरीही ऑगस्ट निभत नसेल, तर जूनच्या सुरुवातीला घोडी घाटावर ओळखीच्या पागेत पाठवा आणि दसऱ्यानंतर परत आणा. दुसऱ्या वर्षी आम्ही तेच केलं. खंबाटकी घाटाच्या अलीकडे टेम्पोचं मागचं फळकूट उघडलं, तेव्हा थोरलीने कोरड्या मुरमावर पाय ठेवला, दोनदा वास घेतला आणि तिथेच लोळण घेतली.